हृदयावरचा वण आणि एक जुनं औषध



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या डॉक्टरांकडून रुग्णाला दोन गोष्टी हमखास मिळत. एक औषध, आणि दुसरी म्हणजे ते औषध का द्यायचं याचा खुलासा. त्यांच्या नावाने बोलायला उभं राहिल्यावर पसरट विषय घ्यावा असं मला वाटलं नाही. आज एकाच गोळीबद्दल बोलतो. गोळी जुनी आहे, स्वस्त आहे, गाऊटच्या रुग्णांच्या ओळखीची आहे. नाव कोल्चिसीन. हीच गोळी हृदयाच्या स्नायूत पडणारा वण रोखू शकेल का, हा प्रश्न गेली काही वर्षं जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांपुढे आहे. त्याचं उत्तर अर्धं आलं आहे आणि अर्धं यायचं आहे. दोन्ही अर्धी तुमच्यापुढे ठेवणार आहे.

आधी वण म्हणजे काय ते पाहू. झटका येऊन गेलेला रुग्ण फाईल पुढे करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘डॉक्टर, पंपिंग किती आहे?’ इकोच्या रिपोर्टवर ३५ टक्के असा आकडा असतो. घरच्यांना तो आकडा पाठ असतो. पण तो कमी का झाला, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली की साधारण अर्ध्या तासात त्या भागातल्या पेशी मरू लागतात. मोठ्या झटक्यात १०० कोटींच्या आसपास पेशी जाऊ शकतात. कातडीला जखम झाली तर नवी कातडी येते, यकृताचा तुकडा काढला तर यकृत वाढतं. हृदयाच्या स्नायूला ही सोय जवळपास नाही. २००९ साली स्वीडनमधल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने हे फार कल्पकतेने मोजलं. शीतयुद्धाच्या काळात उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता. तो माणसांच्या पेशींच्या डीएनएमध्ये उतरला होता, आणि त्यावरून पेशीचं वय काढता आलं. पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशींपैकी वर्षाला सुमारे १ टक्का नव्या होतात. पंच्याहत्तरीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं. म्हणजे मेलेला स्नायू परत येत नाही. त्या जागी वण येतो.

हा वण मी विद्यार्थी असताना पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मॅसन ट्रायक्रोम नावाचा रंग चढवला की काचपट्टीवर स्नायू लाल दिसतो आणि कोलॅजनचे तंतू निळे दिसतात. निरोगी हृदयाची काचपट्टी जवळजवळ सगळी लाल असते. लाल पट्टे एकमेकांना बिलगून एका दिशेने धावत असतात. झटक्यानंतर दोनेक महिन्यांनी दगावलेल्या माणसाच्या काचपट्टीत मधोमध निळा पट्टा असतो. कडेला मात्र रेघ सरळ नसते. निळ्यात अडकलेली लाल बेटं दिसतात, चार-पाच पेशींची, एकमेकांपासून तुटलेली. विजेची लाट या बेटांमधून वाट काढताना गोल गोल फिरू लागते, आणि झटक्यातून वाचलेला माणूस वर्षा-दोन वर्षांनी अचानक कोसळतो. निळा भाग आकुंचन पावत नाही म्हणून पंपिंग कमी होतं. उरलेल्या स्नायूवर ताण येतो, हळूहळू त्याच्यातही निळे धागे पसरतात, आणि मग धाप, पायावर सूज, रात्री उशाला तीन उश्या.

इतकं ऐकल्यावर कुणालाही वाटेल की वण हा शत्रूच, तो पडूच देऊ नये. हा समज वैद्यकालाही एकदा महागात पडला आहे.

स्नायू मेला की शरीर दाह निर्माण करतं. पहिल्या दिवसापासून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात, मेलेल्या पेशी फोडतात. तीन-चार दिवसांनी मॅक्रोफेज येतात, राडारोडा गिळतात आणि पुढच्यांना निरोप देतात. मग फायब्रोब्लास्ट कोलॅजन विणायला लागतात. सहा ते आठ आठवड्यांत वण घट्ट होतो. तिसऱ्या दिवसापासून आठवडाभराचा काळ सगळ्यात नाजूक, कारण जुना स्नायू विरघळलेला असतो आणि नवे तंतू अजून पक्के झालेले नसतात. हृदयाची भिंत फाटण्याचे प्रकार मुख्यतः याच काळात होतात. वण हे कपड्यावरच्या ठिगळासारखं आहे: ताणलं जात नाही, शोभत नाही, पण ते नसेल तर भगदाड पडतं.

१९७०च्या दशकात डॉक्टरांनी विचार केला, दाहाने नुकसान होतं ना, मग स्टेरॉईड देऊ. विचार सरळ होता. १९७४ साली अमेरिकेत बर्नाडीन बल्कली आणि विल्यम रॉबर्ट्स यांनी शवविच्छेदनांवरून दाखवलं की झटक्याच्या वेळी स्टेरॉईड दिलेल्यांची जखम भरायला उशीर होत होता आणि भिंतीला फुगा येत होता. या बर्नाडीन बल्कली पुढे बर्नाडीन हीली या नावाने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या पहिल्या महिला संचालक झाल्या. १९७६ साली आणखी एका गटाने मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉईडचे दुष्परिणाम रुग्णांमध्ये नोंदवले, आणि तो रस्ता बंद झाला.

दुखण्यावरच्या गोळ्यांचंही तेच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, इंडोमेथॅसिन ही सगळी दाह कमी करणारी औषधंच. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यातल्या काहींनी वण पातळ केला. माणसांत तर चित्र आणखी वाईट निघालं. मर्क कंपनीने रोफेकॉक्सिब हे औषध झटक्यांचं प्रमाण वाढतं म्हणून सप्टेंबर २००४मध्ये बाजारातून मागे घेतलं. २०११मध्ये डेन्मार्कमधल्या ८३,०००हून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून दिसलं की एकदा झटका येऊन गेलेल्यांमध्ये या गोळ्यांचा अगदी थोड्या दिवसांचा वापरही मृत्यूचा आणि पुन्हा झटक्याचा धोका वाढवतो. हे मी मुद्दाम थांबून सांगतो आहे. या सभागृहात स्टेंट बसलेले अनेक जण असतील, आणि त्यातल्या कित्येकांचे गुडघेही दुखत असतील. मेडिकलमधून कागदाशिवाय मिळणारी ती पांढरी किंवा नारिंगी गोळी तुमच्यासाठी नाही. ज्या छोट्या मात्रेत अ‍ॅस्पिरिन तुम्ही रोज घेता, ते रक्त गोठू नये म्हणून घेता, दाहासाठी नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते बंद करू नका.

म्हणजे दाह पूर्ण दाबला तर ठिगळ बसत नाही, आणि मोकाट सोडला तर ठिगळ गरजेपेक्षा मोठं होतं. हवं आहे ते असं औषध, जे दाहाचा अतिरेक कमी करेल पण भरणाऱ्या जखमेला हात लावणार नाही. कोल्चिसीनकडे लोक वळले ते या आशेने.

हे औषध आपल्या मातीत उगवतं. श्रावणात कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर कुंपणातून वर चढलेली कळलावी तुम्ही पाहिली असेल. पानाचं टोक पुढे तणाव्यासारखं वळतं आणि आधार धरतं. पाकळ्या मागे मुरडलेल्या, कडांना लाटा, उमलताना हिरवट-पिवळ्या आणि दोन-तीन दिवसांत लालभडक. तिचा कंद विषारी म्हणून गावातल्या बायका मुलांना तिच्या जवळ जाऊ देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. त्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असतं. तामिळनाडूचं ते राज्यफूल आहे. तिथे तिची शेती होते आणि बिया औषधासाठी परदेशी जातात. युरोपात हेच द्रव्य कोल्चिकम नावाच्या कंदातून मिळालं. काश्मीरकडचा त्याचा भाऊबंद युनानी वैद्यकात सुरंजान म्हणून सांधेदुखीवर वापरला जातो. सहाव्या शतकातल्या अलेक्झांडर ऑफ ट्रॅलेस या वैद्यानेही सांधे सुजण्यावर हा कंद सांगितला होता. १८२० साली पेलेतिए आणि काव्हांतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्यातलं क्षारद्रव्य वेगळं काढलं. याच जोडीने त्याच वर्षी क्विनीनही वेगळं केलं.

कोल्चिसीन काम कसं करतं? पेशीच्या आत ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या सूक्ष्म नळ्या असतात. त्यांच्यावरून पेशीत मालाची ने-आण होते, त्यांच्या जोरावर पेशी सरकते. कोल्चिसीन ट्यूब्युलिनला चिकटतं आणि नळ्या नीट बांधल्या जात नाहीत. न्यूट्रोफिलमध्ये ते इतर पेशींपेक्षा जास्त साठतं, म्हणून छोट्या मात्रेत मुख्य फटका त्यांनाच बसतो. त्यांना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटणं, वाकून बाहेर पडणं जमेनासं होतं. शिवाय पेशीतल्या एनएलआरपी-३ नावाच्या प्रथिनांच्या जोडणीला ते अडवतं. ही जोडणी इंटरल्यूकिन-१ बीटा या दाहाच्या संदेशाची भट्टी आहे. गाऊटमध्ये यूरिक आम्लाचे स्फटिक हीच भट्टी पेटवतात, आणि धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉलचे स्फटिकही तेच करतात.

आता एक जुना धागा, जो माझ्या मते पुरेसा कुणी ओढला नाही. १९९३ साली गॅरी कूपर यांच्या गटाने दाखवलं की सततच्या वाढलेल्या दाबाखाली जाड झालेल्या हृदयपेशींमध्ये या नळ्यांचं जाळं दाट होतं आणि पेशीला आकुंचन पावायला आतूनच अडथळा होतो. कोल्चिसीन दिल्यावर त्या पेशी पुन्हा मोकळ्या आकुंचन पावू लागल्या. २०१८मध्ये पेनसिल्व्हेनियात बेन प्रॉसर यांच्या गटाने निकामी होत चाललेल्या मानवी हृदयांच्या पेशींवर याच दिशेचे निष्कर्ष काढले. म्हणजे हृदय ताठर होण्यात वणाचा वाटा मोठा असला तरी पेशीच्या आतला ताठरपणाही आहे, आणि या एका औषधाचा दोन्हींशी संबंध लागतो. प्रयोगशाळेत १९७२पासून हेही माहीत आहे की कोलॅजन पेशीबाहेर पाठवायला या नळ्या लागतात. कोल्चिसीन दिलं तर ते आतच अडतं.

इतका छान सिद्धांत पाहून कुणालाही मोह होईल. पण यकृताची गोष्ट ऐका. यकृताच्या सिरोसिसमध्येही वणच असतो. १९८८ साली मेक्सिकोतल्या डॉक्टरांनी १०० रुग्णांवर केलेल्या चाचणीत कोल्चिसीन घेणारे कितीतरी जास्त वर्षं जगले. मोठी आशा निर्माण झाली. २००५मध्ये अमेरिकेत दारूमुळे सिरोसिस झालेल्या ५४९ रुग्णांवर चाचणी झाली, तिथे जगण्यात काहीच फरक पडला नाही. आज सिरोसिसवर कुणी हे औषध देत नाही. तेव्हा हृदयाच्या बाबतीत उत्साह दाखवताना ही शंभर आणि साडेपाचशेची गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे.

हृदयाच्या बाबतीत या औषधाचा सगळ्यात पक्का पुरावा आवरणाचा आहे. हृदयाभोवतीच्या पिशवीला सूज आली की छातीत कळ येते, आडवं पडलं की वाढते, पुढे वाकलं की कमी होते, आणि ती पुन्हा पुन्हा उलटते. इटलीच्या मॅसिमो इमाझिओ यांनी २०१३मध्ये पहिल्यांदाच हा आजार झालेल्या २४० रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत निम्म्यांना कोल्चिसीन आणि निम्म्यांना साखरेची गोळी दिली. आजार चिवट राहण्याचं किंवा उलटण्याचं प्रमाण ३७.५ टक्क्यांवरून १६.७ टक्क्यांवर आलं. आपल्याकडे या आवरणाचा मोठा शत्रू क्षयरोग आहे. क्षयाने आवरण घट्ट आवळलं जातं आणि हृदय त्यात कोंडतं. हा वण स्नायूबाहेरचा आहे, पण माणूस त्यानेही धापा टाकत जातो. आफ्रिकेत बोंगानी मायोसी यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या १,४०० रुग्णांच्या चाचणीत प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडने एकूण मृत्यू कमी झाले नाहीत, पण आवळल्या जाणाऱ्या हृदयांचं प्रमाण ७.८वरून ४.४ टक्के झालं. त्याच चाचणीत एचआयव्हीशी निगडित कर्करोग वाढले. दाह शमवण्याची किंमत कुठे ना कुठे मोजावी लागते.

आणि तरुणपणी झालेल्या संधिवाती तापाने झडपांना वण पडतात, त्याचं काय? मुंबईच्या केईएमसारख्या रुग्णालयांत अशा झडपांचे वॉर्ड भरलेले पाहिलेले डॉक्टर आजही आहेत. १९५०च्या दशकात ब्रिटन आणि अमेरिकेने मिळून एसीटीएच, कॉर्टिसोन आणि अ‍ॅस्पिरिन या दाह शमवणाऱ्या औषधांची तुलना केली. झडपा वाचवण्यात कुणीच सरस निघालं नाही. तिथे उपाय पेनिसिलिनचा आहे, ज्यातून हा ताप उद्भवतो तो घशाचा संसर्ग वेळेवर बरा करण्याचा.

आता रक्तवाहिन्यांकडे. २०१३ साली पर्थच्या मार्क निडॉर्फ यांनी ५३२ रुग्णांवर कोल्चिसीनची छोटी चाचणी केली, निकाल चक्रावून टाकणारा होता: झटके, पक्षाघात यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ५.३ टक्के. मग मोठ्या चाचण्या आल्या. २०१९मध्ये माँट्रियलच्या ज्याँ-क्लोद तार्दीफ यांनी नुकताच झटका आलेल्या ४,७४५ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना रोज अर्धा मिलिग्रॅम दिलं, आणि अशा घटना ७.१वरून ५.५ टक्के झाल्या. २०२०मध्ये निडॉर्फ यांनीच ५,५२२ रुग्णांत ९.६वरून ६.८ टक्के दाखवलं. २०२३मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने हृदयासाठी ही मात्रा मंजूर केली. पण २०२४मध्ये कॅनडाच्या संजित जॉली यांच्या नेतृत्वाखाली ७,०६२ रुग्णांची चाचणी आली आणि फरक शून्य निघाला, ९.१ आणि ९.३ टक्के. माँट्रियलच्या आकड्यांचा पोटअभ्यास म्हणाला होता की पहिल्या तीन दिवसांत सुरू केलं तर फायदा जास्त. जॉलींच्या रुग्णांना तर लवकरच सुरू केलं होतं. पोटअभ्यासावर भिस्त ठेवू नये, हे यातून पुन्हा कळलं.

एवढं सांगूनही मूळ प्रश्न उरतोच, कारण या मोठ्या चाचण्यांनी वण मोजलाच नव्हता. त्यांनी नवे झटके मोजले. वण मोजायचा तर एमआरआय लागतो. गॅडोलिनियम शिरेतून दिलं की वणाची जागा पडद्यावर पांढरी उजळते. उंदरांवर फ्रान्समधल्या प्रयोगात कोल्चिसीनने वण लहान झाला, जपानमधल्या उंदरांत जगण्याचं प्रमाण सुधारलं. ग्रीसमध्ये २०१५मध्ये १५१ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना पाच दिवस ते दिलं, मेलेल्या स्नायूचं रक्तातलं मोजमाप कमी आलं. मग २०२१मध्ये फ्रान्समध्ये १९२ रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली: अँजिओप्लास्टीच्या वेळीच मोठी मात्रा, मग पाच दिवस गोळी, आणि एमआरआय. वणाच्या आकारात फरक निघाला नाही. उलट डाव्या कप्प्यात गुठळी होण्याचं प्रमाण ७.४वरून २२ टक्के झालं. बल्कली-रॉबर्ट्स यांच्या १९७४च्या टेबलावरचीच हृदयं मला आठवली.

माझं मत मी उघड सांगतो. झटक्याच्या पहिल्या तासांत, पहिल्या दिवसांत कोल्चिसीन वण कमी करतं, असं आज म्हणता येत नाही. त्या काळात वण कमी करणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वेळ. १९८६ साली इटलीत ११,७१२ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज देऊन पाहिलं गेलं, आणि पहिल्या तासात दिलेल्यांचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. छातीत कळ आली, घाम फुटला, तर ‘गॅस असेल’ म्हणून रात्र काढू नका. १०८ला फोन करा. सकाळपर्यंत जो स्नायू गेला तो कुठल्याच गोळीने परत येत नाही. त्यानंतरच्या महिन्यांत वण पसरू नये म्हणून कॅप्टोप्रिलच्या वर्गातली औषधं आणि निवडक रुग्णांत स्पिरोनोलॅक्टोन यांनी जीव वाचवल्याचा पुरावा १९९०च्या दशकापासून आपल्याकडे आहे. ती तुमच्या यादीत असतील तर बरं वाटतंय म्हणून परस्पर सोडू नका.

कोल्चिसीनचा खरा उपयोग मला पुढच्या टप्प्यात दिसतो: धमनीतला दाह मंद धुमसत असलेल्या स्थिर रुग्णाला दुसऱ्या झटक्यापासून वाचवणं. जो झटका आलाच नाही, त्याचा वणही पडत नाही. तो एमआरआयवर दिसणार नाही, पण रुग्णाच्या घरात दिसेल. युरोपच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत अशा रुग्णांसाठी या गोळीचा विचार करावा असं आलं आहे. ते मला रास्त वाटतं.

मात्र ही गोळी गुडघ्याच्या गोळीसारखी शेजाऱ्याकडून मागून घ्यायची नाही. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत तिचं अंतर थोडं आहे. मूत्रपिंड मंदावलेल्यांना, क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक किंवा काही बुरशीनाशक गोळ्या चालू असलेल्यांना ती जिवावर बेतू शकते. जुलाब हे तिची मात्रा जास्त झाल्याचं पहिलं लक्षण, ते लागले तर डॉक्टरांना कळवा. माँट्रियलच्या चाचणीत न्यूमोनियाही थोडा वाढला होता, ०.४वरून ०.९ टक्के. टीबीच्या देशात या आकड्याकडे जास्त बारकाईने पाहायला हवं.

आणि शेवटचा मुद्दा पैशाचा. कोल्चिसीनची मूळ गोळी कुणाच्याही मालकीची नाही, म्हणून तिच्या चाचण्यांना कंपन्या सहजी पुढे येत नाहीत. माँट्रियलच्या चाचणीला क्विबेक सरकारने पैसे दिले, निडॉर्फ यांच्या मोठ्या चाचणीला ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक संशोधन निधीने. भारताला हे जमत नाही असं नाही. क्षयरोगाच्या रुग्णाला घरी ठेवून उपचार करता येतात हे १९५०च्या दशकाच्या अखेरीस मद्रासमध्येच सिद्ध झालं, आणि त्यानंतर जगाने आपले सॅनेटोरियम बंद केले. आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत झटक्याचे आणि क्षयाने आवळलेल्या आवरणाचे रुग्ण आहेत, गोळी स्वस्त आहे, कळलावी आपल्या कुंपणावर आहे. एमआरआयची यंत्रं काही ठिकाणी पोहोचली आहेत. झटक्यानंतर पहिला आठवडा जाऊ द्यायचा, ठिगळ बसू द्यायचं, मग सहा महिने कोल्चिसीन, आणि सुरुवातीला व शेवटी एमआरआय. टीबीची तपासणी करूनच रुग्ण घ्यायचे. असा आराखडा महाराष्ट्रातल्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून मांडला, तर राज्याने त्याला निधी द्यावा, असं मी या व्यासपीठावरून मागतो.